प्रयोगाला होकार देताना

‘प्रयोग’ हा शब्द मराठी माणसाच्या तसा आवडीचा. नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग असो की शंभरावा, आपण रांगेत उभे राहून तिकीट काढतो. शेतातला प्रयोग, शाळेतला प्रयोग, स्वयंपाकघरातला प्रयोग, कशालाच आपली हरकत नसते. हाच शब्द रुग्णालयाच्या दारात उच्चारला की मात्र घरातल्यांचे चेहरे उतरतात. ‘आमच्या माणसावर प्रयोग नको,’ हे वाक्य कर्करोगाच्या बाह्यरुग्ण विभागात बाकावर बसलेल्या कुणालाही कधी ना कधी ऐकू येतेच. मी ते माझ्याच बाबतीत ऐकले. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर मला एका चाचणीत भाग घेण्याविषयी विचारण्यात आले. खरे म्हणजे मला नव्हे, माझ्या मुलाला विचारण्यात आले. त्याबद्दल पुढे येईलच. मी होकार दिला. आज कुणा बाईला असेच विचारले आणि तिने माझा सल्ला मागितला, तर ‘हो म्हण’ असे मी डोळे मिटून सांगणार नाही. आधी दोन गोष्टी तपासून घे, असे सांगेन.

घरच्यांची भीती निराधार आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. १९९९-२००० मध्ये तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्रात तोंडाचा कर्करोग झालेल्या २६ रुग्णांना शस्त्रक्रियेआधी एका नव्या रसायनाची इंजेक्शने थेट गाठीत देण्यात आली. संशोधन अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले होते. पुढच्या वर्षी प्रकरण बाहेर आले आणि चौकशीअंती खुद्द विद्यापीठानेच मान्य केले की, त्यांच्या समितीची परवानगी घेतली गेली नव्हती, माणसांना टोचण्याआधी करायच्या सुरक्षिततेच्या तपासण्या पुरेशा नव्हत्या आणि रुग्णांना नीट कल्पनाही देण्यात आली नव्हती. ज्या देशात हे घडले, त्या देशातल्या माणसाने कागदावर सही करताना दोनदा विचार केला तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कुणाला पोचत नाही.

तरीही मी हो म्हटले, ते माझ्यापुढे ठेवलेला प्रश्न ऐकून. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घ्यायचे होते. नेहमीची पद्धत पंधरा दिवसांची, म्हणजे शनिवार-रविवार सोडून तीन आठवडे. दुसरी पद्धत पाचच दिवसांची, रोजची मात्रा जास्त, पण एका आठवड्यात सारे आटोपते. दोन्हींचा गुण सारखा येतो का, हे तेव्हा डॉक्टरांना ठाऊक नव्हते आणि तेच त्यांना शोधायचे होते. मुंबईत राहणाऱ्याला दोन आठवड्यांच्या फरकाचे महत्त्व कदाचित जाणवणार नाही. पण दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या फुटपाथवर मुक्काम ठोकून उपचार घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते दोन आठवडे म्हणजे बुडालेली मजुरी, गावाकडे शेजाऱ्यांवर सोडलेली मुले आणि दोन वेळच्या जेवणाची विवंचना. प्रश्न साधा होता आणि सोडवण्याजोगा होता.

कोणाला कोणती पद्धत, हे चिठ्ठीने ठरणार होते. चिठ्ठी हल्ली संगणक काढतो, एवढाच काय तो फरक. आमच्या घरात खरा खटका उडाला तो इथेच. ‘एवढे शिकलेले डॉक्टर, आणि आईचे उपचार चिठ्ठी टाकून ठरवणार?’ असा माझ्या मुलाचा सवाल. सवाल बिनतोड वाटतो खरा. पण डॉक्टरांनी आपल्या मनाने निवडायचे ठरवले की काय होते, याचा इतिहास आम्हा बायकांच्या अंगावर लिहिलेला आहे. विल्यम हाल्स्टेड या अमेरिकन शल्यविशारदाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. पुढे जवळजवळ पाऊणशे वर्षे जगभर तीच होत राहिली. कितीतरी बायका हात सुजलेला आणि छाती खरवडलेली अशा जगल्या. एवढे कापण्याची खरोखर गरज आहे का, हे कुणी तपासून पाहिले नव्हते. मोठ्या माणसाने सांगितले होते, एवढेच. बर्नार्ड फिशर यांनी १९७१ पासून एकामागून एक चाचण्या हाती घेतल्या, तेव्हा रुग्णांना चिठ्ठीविषयी विचारायलाच अनेक शल्यविशारद राजी नव्हते. १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या चाचणीचा वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचा निकाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती गाठ काढून किरणोपचार घेतलेल्या बायका आणि संपूर्ण स्तन काढलेल्या बायका, दोघींच्या आयुर्मर्यादेत फरक नव्हता. माझा स्तन वाचला तो त्या अनोळखी बायकांनी चिठ्ठी उचलली म्हणून. मग माझी पाळी आल्यावर मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

उलट बाजूचा दाखलाही अमेरिकेतलाच आहे. स्तनाच्या कर्करोगावर प्रचंड मात्रेत केमोथेरपी द्यायची आणि नंतर अस्थिमज्जेचे रोपण करायचे, अशा उपचाराची तिथे नव्वदच्या दशकात लाट आली होती. हजारो बायकांनी तो चाचणीबाहेर घेतला, विमा कंपन्यांना त्यासाठी न्यायालयात खेचले. चिठ्ठी टाकायला कुणी तयार नसल्यामुळे चाचण्या मात्र रखडल्या. अखेर १९९९ मध्ये पाच चाचण्यांचे निकाल जाहीर झाले. चारांत फायदा दिसला नाही, आणि ज्या पाचवीत भरघोस फायदा दिसला होता त्या दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीत लबाडी झाल्याचे पुढच्याच वर्षी उघडकीस आले. ‘आमच्यावर प्रयोग नको’ म्हणणाऱ्यांवरही प्रयोग झालाच होता. फक्त त्याची नोंद कुणी ठेवली नव्हती.

आपल्याकडची दोन उदाहरणे द्यायला मला जास्त आवडेल, कारण ती पुरेशी सांगितली जात नाहीत. तंबाखू-गुटख्यापायी तोंडाचा कर्करोग आपल्या देशात घरोघरचा. रोग लवकर सापडला आणि मानेत गाठी लागत नसल्या, तरी त्याच वेळी मानेचीही शस्त्रक्रिया करावी की गाठ आल्यावर करावी, यावर जगभरचे शल्यविशारद वर्षानुवर्षे हुज्जत घालत होते. २००४ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाने चाचणी सुरू केली आणि २०१५ मध्ये पहिल्या ५०० रुग्णांचा निकाल प्रसिद्ध झाला. आधीच शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, वाट पाहिलेल्यांपैकी साडेसदुसष्ट टक्के. हुज्जत बरीचशी मिटली. दुसरे उदाहरण त्याहून गमतीचे. दात काढताना डॉक्टर जे बधिर करण्याचे इंजेक्शन देतात, त्याच जातीचे लिडोकेन हे औषध स्तनातली गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटे तिच्याभोवती टोचायचे. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या ११ केंद्रांवर १६०० बायकांनी या चाचणीत भाग घेतला. २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शन न घेतलेल्यांत ८६.४ टक्के, घेतलेल्यांत ९०.१ टक्के. हे औषध जुने आणि स्वस्त. त्यात नफा नाही, म्हणून कोणतीही औषध कंपनी ही चाचणी कधी करणार नव्हती. ती आपल्यासारख्यांनीच करायची असते.

आता मुलाला विचारल्याची गोष्ट. डॉक्टर भले होते, पण बोलले सगळे माझ्या मुलाशी. मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते. ‘तुमच्या आईंना आपण असं देऊ शकतो’, ‘तुमच्या आईंची तयारी असेल तर’, असे चालले होते. आपल्या घरांत ही रीतच आहे. आजाराचे नाव रुग्णाला सांगायचे नाही. ‘गाठ होती, काढली’ एवढ्यावर भागवायचे, घरी येणाऱ्या-जाणाऱ्यालाही तंबी द्यायची. त्यामागे माया असते, हे मी जाणते. पण ज्या बाईला आपल्याला काय झाले आहे हेच ठाऊक नाही, तिच्या सहीला किंवा अंगठ्याला अर्थ काय उरतो? चाचणी उभी असते ती दोन खांबांवर. यातले चांगले कोणते, हे डॉक्टरांना खरोखरच ठाऊक नसले पाहिजे, आणि बाकीचे सारे रुग्णाला ठाऊक असले पाहिजे. आपला रिवाज याच्या नेमका उलटा. डॉक्टरांनी सर्वज्ञ दिसायचे आणि रुग्णाने अजाण राहायचे. ‘मला माहीत नाही’ असे डॉक्टर म्हणाले की आपण दुसरा डॉक्टर शोधतो.

मी मुलाला थांबवले आणि विचारायचे ते स्वतः विचारले. नाही म्हटले तर काय मिळेल? नेहमीचे पंधरा दिवसांचे उपचार, याच रुग्णालयात. मध्येच सोडले तर? केव्हाही सोडा, कारण सांगावे लागत नाही, उपचार थांबत नाहीत. जास्तीच्या तपासण्यांचा खर्च? तो चाचणीचा. सात पानी मराठी संमतीपत्र घेऊन मी घरी गेले आणि चार दिवसांनी सही केली. (मराठी सरकारी परिपत्रकाच्या वळणाचे होते. ‘यादृच्छिकीकरण’ हा शब्द वाचून आमच्या शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनीही हात टेकले.) माझी प्रत आजही माझ्याकडे आहे.

कायद्याने आता बरेच काही दिले आहे. भारतातल्या चाचण्यांची नोंद आयसीएमआरच्या सार्वजनिक नोंदवहीत करणे २००९ पासून सक्तीचे आहे आणि ती कुणालाही पाहता येते. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ मध्ये नवे नियम आले. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई, रुग्णाला समजेल अशा भाषेत संमती, लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्षपाती साक्षीदार, हे सारे त्यात आहे. परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीत निदान सात सदस्य हवेत, त्यांतले निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे, एक सामान्य नागरिक आणि एक स्त्री. कागदावर याहून फार काही मागता येणार नाही. पण जिच्या पदरात औषधाचे पैसे नाहीत आणि चाचणीत गेले तर ते फुकट मिळते, ती बाई नियम वाचत बसत नाही. तिचा होकार खरा की गरिबीचा, हे कोणती समिती सांगणार? बाहेरही तेच उपचार तिला परवडत असते तर तिने होकार दिला असता का, हा प्रश्न मला सतावतो.

आणि एक गोष्ट सतावते, ती आपल्या उंबरठ्यावरची. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची फार मोठी चाचणी झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय तिचे केंद्र होते. ५२ गावसमूहांतल्या १,३१,७४६ निरोगी बायकांचे चार गट पाडले. तीन गटांना वेगवेगळ्या पद्धतींची तपासणी, चौथ्याला तपासणी कुठे मिळू शकेल याची माहिती आणि एरवी मिळते तेवढीच सेवा. २००९ मध्ये निकाल आला. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ या रोगाने गेल्या. चौथ्या गटातल्या ३१,४८८ पैकी ६४. त्या काळी आपल्याकडे खेड्यातल्या बाईला तपासणी मिळतच नव्हती, तेव्हा तिचे काही काढून घेतले नाही, हे चाचणी करणाऱ्यांचे म्हणणे. तपासणीने जीव वाचतो हे जगाला आधीच ठाऊक होते, मग तुलनेसाठी बायकांना तसेच का ठेवले, हे टीकाकारांचे म्हणणे. मी टीकाकारांच्या बाजूने आहे. आज गरीब देशांत विषाणूची तपासणी सुचवली जाते तिच्यामागे या चाचणीचा मोठा आधार आहे, हे मान्य करूनही आहे. ‘कोणती तपासणी सरस’ हे खरोखरच ठाऊक नव्हते. ‘तपासणी बरी की काहीच नाही’ हे मात्र ठाऊक होते, आणि चिठ्ठी त्याचीही टाकली गेली.

माझी चिठ्ठी लांबच्या पल्ल्याची निघाली. पंधरा दिवस. मी डोंबिवलीहून लोकलने ये-जा करीत असे, आणि पाच दिवसांत मोकळी होऊन पेढे वाटणारी बाई पाहिली की मनात कळ यायची, हे लपवत नाही. ब्रिटनमधल्या अशाच एका मोठ्या चाचणीचा निकाल २०२० मध्ये आला. ९७ रुग्णालये, ४०९६ रुग्ण. पाच दिवसांचे उपचार पाच वर्षांच्या हिशेबात पंधरा दिवसांइतकेच गुणकारी ठरले. नेमकी तेव्हा करोनाची साथ होती, आणि रुग्णालयाच्या दहा फेऱ्या वाचण्याला एकदम मोल आले.

माझ्या चाचणीत माझे काम अजून संपलेले नाही. वर्षातून एकदा जाते. हात सुजला आहे का, कातडी कडक झाली आहे का, श्वास लागतो का, सगळे लिहून घेतात. मागच्या खेपेला मी तिथल्या काम पाहणाऱ्या मुलीला विचारले, आमचा निकाल कधी कळणार?

‘तो परदेशी जर्नलमध्ये छापून येईल ना, काकू.’

‘आणि आम्हाला?’

तिने वर पाहिले. असे आजवर कुणी विचारले नव्हते, म्हणाली. मी पर्समधून कागद काढून माझा पत्ता लिहून दिला आणि मराठीत चार ओळी पाठवा म्हटले. शेजारी बसलेल्या दोघीजणींनी तो कागद मागून घेतला आणि त्याखाली आपापले पत्ते लिहिले. एकीचा सांगोल्याचा होता, दुसरीला लिहिता येत नव्हते, तिचा मी लिहिला.