पखालीला इंजेक्शन

रेड्याला रोग आणि पखालीला इंजेक्शन, ही म्हण काढणाऱ्याने मांजरांचं इलेक्ट्रिक कारंजं पाहिलेलं नव्हतं. पाहिलं असतं तर रेड्याची गरजच पडली नसती. मांजर पाणी कमी पितं, ही तक्रार. उपाय काय, तर पाणी नाचवा! दोन-अडीच लिटरची टाकी, आत बोटभर मोटर, वर प्लॅस्टिकचं फूल, खाली निळा दिवा. आणि आता मांजर दिवसातून किती वेळा येऊन गेलं याची वर्दी मोबाइलला देणारं ॲप. मालक करोल बाग मेट्रोच्या जिन्यावर उभा राहून ही वर्दी वाचतो आणि धन्य होतो. मांजराच्या ताटलीत काय वाढलंय, हे विचारलं की मात्र कपाळाला आठ्या.

मी ते विचारतो, म्हणून गल्लीत फारसा लोकप्रिय नाही.

मांजराला तहान कमी लागते यात त्याचा काडीचा दोष नाही. त्याचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातली रानमांजरं. त्या मुलखात निभावायचं म्हणून त्यांची मूत्रपिंडं अशी घडली, की लघवी अतिशय घट्ट करायची आणि पाणी अंगात राखायचं. पाणी यायचं ते बहुतेक शिकारीतून. उंदराच्या अंगात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणजे जेवण आणि पाणी एकाच घासात. अशा प्राण्यापुढे आपण काय ओततो? कोरडे दाणे, ज्यांत दहा टक्केही पाणी नसतं. चार किलोच्या मांजराला अन्नातलं आणि प्यायलेलं मिळून दिवसाला साधारण 200 मिली पाणी लागतं. साठ ग्रॅम दाण्यांतून मिळतं पाच-सहा मिली. उरलेला सगळा बोजा त्याच्या तहानेवर, आणि तीच बिचाऱ्याकडे बेताची. दाणे खाणारं मांजर वाटीशी जास्त वेळा जातं हे खरं, पण तूट बहुधा पुरती भरून निघत नाही. उलट ओल्या खाण्याच्या 85 ग्रॅमच्या एका पाऊचमध्ये 65-70 मिली पाणी असतं. तीन पाऊच म्हणजे दिवसाचं पाणी जवळजवळ पोटात. तिसरीतल्या पोराला जमेल असा हा हिशेब आहे. पण पाऊच महाग पडतं म्हणणारी माणसंच तीन हजारांचं कारंजं घेऊन येतात.

पाऊच रोज परवडत नसेल तर नसू दे, मला मान्य आहे. मग दाण्यांवर कोमट पाणी ओता. कोंबडी उकडल्याचं पाणी घाला. त्यात मीठ नको, आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, मांजराला तो विषारी आहे. दिल्लीच्या उन्हाळ्यात भिजवलेलं खाणं दुपारभर उघडं ठेवू नका, थोडं थोडं वाढा. एवढं करायला ना मोटर लागते ना वायफाय. बहुधा म्हणूनच ते कोणी करत नाही.

आता खोक्यावरचं वाक्य घेऊ: कारंज्यामुळे मांजर भरपूर पाणी पितं. ‘जर्नल ऑफ फेलाइन मेडिसिन अँड सर्जरी’ या मांजरांच्या वैद्यकाला वाहिलेल्या नियतकालिकात 2010 साली यावरचा एक अभ्यास छापून आला. कारंज्यातून पाणी थोडं जास्त प्यायलं गेलं, पण लघवी काही लक्षणीय पातळ झाली नाही. आणि सगळी धडपड तर लघवी पातळ व्हावी याचसाठी! त्याच नियतकालिकात 2019 मध्ये साठलेलं, वरून पडणारं आणि फिरतं अशा तिन्ही तऱ्हांचं पाणी ठेवून मोजमाप झालं. सगळ्या मांजरांचा मिळून फरक पडला नाही. काहींची आपापली आवड तेवढी दिसली.

ही आवड मात्र खरी असते, तिची मी थट्टा करणार नाही. मेरी बर्न्स या अमेरिकी पशुवैद्य बाईंनी 1990 च्या दशकात नळाच्या धारेवरच पाणी पिणाऱ्या आपल्या मांजरापायी असं कारंजं बनवलं आणि त्यातून हा धंदा वाढला. तुमचं मांजर त्या जातीचं आहे का, हे फुकटात कळतं. बेसिनचा नळ बारीक धारेने सोडा, शेजारी स्वच्छ पाण्याची पसरट वाटी ठेवा आणि दोन-चार दिवस बघा. धारेवर तुटून पडत असेल तर कारंजं जरूर घ्या. नुसतं पंजाने पाणी उडवून निघून जात असेल, तर तुम्ही त्याला पाणी नाही, खेळणं देणार आहात.

आम्ही विट्याकडचे गलाईवाले. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांतून सोनं-चांदी गाळायला माणसं देशभर पांगली, त्यातली काही करोल बागेत, बीडनपुरा-रैगरपुऱ्याच्या सराफी गल्ल्यांत येऊन टेकली. गावाकडे टँकरमागे कळशी घेऊन धावलेली ही माणसं. इथे कोणी लगड पुढे केली तर तिच्यावरच्या शिक्क्यावर विश्वास ठेवणार नाहीत; कसाला लावतील, मुशीत घालतील, मगच बोलतील. आणि हाच माणूस गफ्फार मार्केटात गेला की पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापलेलं इंग्रजी वाचून पाकीट काढतो. खान अब्दुल गफ्फार खानांच्या नावाचा हा बाजार फाळणीनंतर निर्वासितांना मिळालेल्या दुकानांतून उभा राहिला. तिथे घासाघीस करून भाव निम्म्यावर आणल्याचा आनंद एवढा मोठा, की वस्तू उघडून बघायची शुद्ध राहत नाही. ‘चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक’ असं दुकानदार स्वतःच हसत सांगतो. त्याच्या प्रामाणिकपणाला माझा नमस्कार.

तेव्हा घ्यायचंच असेल, तर दुकानातच कसाला लावा. पहिली गोष्ट: पाणी घालून चालू करायला लावा, आणि मग प्लग काढा. वर पिण्याजोगं पाणी उरलं का? कित्येक मॉडेलांत मोटर थांबली की सगळं पाणी खालच्या बंद टाकीत उतरतं आणि वरची ताटली कोरडी ठाक. 29 मे 2024 ला दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत पारा 46.8 अंशांवर गेला होता. अशा दुपारी वीज गेली, तुम्ही कामावर, खिडक्या बंद, आणि मांजर दोन लिटर पाण्याच्या झाकणावर बसून तहानलेलं. एवढा एकच दोष दिसला तरी ते खोकं परत सरकवा. ॲपने तुम्हाला वीज गेल्याचं कळवलं, तर त्या मांजराने काय करायचं? वाचायचं?

दुसरी गोष्ट मोटरची. ती हाताने उघडते का ते बघा. पुढची टोपी निघाली पाहिजे, आतली चुंबकाची फिरकी बाहेर आली पाहिजे. मांजराचे केस तिथेच गुंडाळतात. बोअरचं जड पाणी असेल तर पांढरे क्षार तिथेच धरतात. मग मोटर गुरगुरायला लागते, आणि लोक म्हणतात खराब झाली. खराब कसली, तिला कोणी धुतलेलंच नसतं. फिरकी काढून दात घासायच्या जुन्या ब्रशने घासली, थोडं सायट्रिक ॲसिड टाकलेल्या पाण्यात बुडवून खळखळून धुतली, की पुन्हा चालते. पण टोपी चिकटवून बंद केलेली असेल तर तेही करता येत नाही. पाणी संपल्यावर कोरडी फिरून मोटर जळते ती वेगळीच. आपोआप बंद होणारी असेल तर चार पैसे जास्त द्या.

विजेबाबत मी कंजूषी ऐकून घेत नाही. पाण्यात बुडणारी मोटर पाच व्होल्टची, यूएसबीवर चालणारी असावी. फिश टँकची 230 व्होल्टची मोटर भांड्यात टाकून ‘होममेड’ म्हणून विकणारे बघितले आहेत. तार कुरतडणाऱ्या प्राण्याच्या पाण्यात ती सोडायची म्हणजे धैर्यच. अडॅप्टर बहुतेक खोक्यांत नसतोच, मग घरातला कुठलाही उचलला जातो. त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घ्या. तार सॉकेटच्या खालून लोंबती ठेवा, म्हणजे ओघळ आला तरी सॉकेटात शिरत नाही. आता तर तार पाण्यात जाऊच न देणारी मॉडेलंही मिळतात, मोटरला वीज खालच्या बैठकीतून बिनतारी मिळते. महाग असतात, पण पैसे खर्चायचेच असतील तर ते इथे खर्चावेत, फुलावर नव्हे.

भांडं स्टीलचं किंवा चिनी मातीचं. प्लॅस्टिकला ओरखडे पडतात, ओरखड्यांत बुळबुळीत थर बसतो आणि तो घासून निघत नाही. टाकी जेवढी मोठी तेवढी चांगली, हा तर शुद्ध भंपकपणा. दिवसाला फार तर पेलाभर पिणाऱ्याला अडीच लिटर कशाला? मालकाला आठवडाभर भांड्याकडे बघावं लागू नये म्हणून. करोल बागेतल्या इमारतींच्या गच्चीवरच्या टाक्या जूनमध्ये दुपारी अशा तापतात, की नळाला हात लावला तर चटका बसतो. ते पाणी कारंज्यात ओतायचं, त्यात मोटरची ऊब, आणि तेच पाणी पाच दिवस त्याच्या त्याच केसांतून, लाळेतून फिरवायचं. वाहतं पाणी म्हणे! यमुनाही वाहतेच.

रोज पाणी बदलणं आणि निदान आठवड्यातून एकदा सगळं सुटं करून घासणं ज्याला जमत नाही, त्याने साधी वाटीच ठेवावी. दोन-तीन ठेवाव्यात, जेवणापासून आणि मातीच्या ट्रेपासून लांब. मे-जूनच्या कोरड्या लूमध्ये मातीच्या परळात पाणी छान गार राहतं. जुलैत हवा दमट झाली की ती जादू ओसरते. परळ रोज घासायचं, शेवाळ धरलं की टाकून द्यायचं. किंमत एवढी थोडी की त्यावर कोणी व्हिडिओ काढत नाही.

पर्शियन मांजरांच्या मालकांना एक वेगळं सांगणं. चपट्या नाकाचा, केसांचा ढीग पाठीवर घेतलेला तो जीव दिल्लीच्या उन्हात आणून ठेवायची हौस तुमची. या जातीत मूत्रपिंडांत गाठी होण्याचा आजार आनुवंशिक आहे, आणि त्याची जनुकीय चाचणी आहे. पिल्लू विकत घेताना आईबापांची चाचणी झाली का, हे विचारलंत? कारंज्याचा रंग मात्र पडद्यांना जुळतोय ना, ते बघितलंत.

शेजारच्या वहिनींचा बोका ट्रेमध्ये सारखा जाऊन बसत होता, जोर करत होता, थेंब पडत नव्हता. त्यांचा मुलगा माझ्याकडे आला, “काका, कुठलं फाउंटन चांगलं? ऑनलाइन मागवतो, परवा येईल.” परवा! बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. ती बुजली की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम चढतं, आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. त्याला म्हटलं, फोन ठेव आणि बास्केट घे. त्याच रात्री डॉक्टरांनी नळी घातली, म्हणून बोका आज आहे. घरी आल्यावर त्याच्यासाठी पाऊच आले. कारंजंही आलं, कारण मुलाने ऑर्डर रद्द केलीच नव्हती.

ते चाललंही बरं. मग फिल्टर बदलायची वेळ आली. फिल्टर म्हणजे स्पंजचा तुकडा, थोडा कोळसा, क्वचित क्षार धरणारे रेझिनचे मणी. कोळसा नळाच्या पाण्यातला क्लोरीनचा वास काढतो, तोवर ठीक; संपला की तोच जंतूंचं वसतिस्थान. महिन्याभरात बदलावा लागतो, आणि प्रत्येक कंपनीचा आकार मुद्दाम निराळा. त्या मेकचा तर ऑनलाइन मिळेना, म्हणून मुलगा जुना फिल्टर खिशात घालून गफ्फार मार्केटात गेला, मलाही ओढून नेलं. दुकानदाराने तो हातात घेऊन उलटा-सुलटा केला.

“इसका फिल्टर नहीं आता, भाईसाहब. नया फाउंटन ले जाओ, उसमें दो फ्री हैं.”

आणि त्याने फळीवरचं खोकं काढलं. गुलाबी होतं.