माजी सैनिकांची गोळी आणि खासदारांचा प्रश्न

रक्तदाबाची गोळी महिन्यातले वीस दिवस घेतली आणि दहा दिवस चुकवली, तर दोन-तृतीयांश फायदा पदरात पडेल, असा हिशेब शरीर मांडत नाही. खंड पडलेल्या दिवसांत दाब वर चढतो आणि मेंदूतली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटायला तेवढा अवधी पुरतो. मधुमेहाचेही तेच. हे या सदरात पूर्वी अनेकदा लिहिले आहे. आज पुन्हा लिहितो ते माजी सैनिकांसाठी, कारण त्यांच्या औषधात पडणारा खंड पुष्कळदा त्यांच्या हलगर्जीपणामुळे नसतो.

सैनिक आणि नाशिक यांचे नाते जुने आहे. फाळणीनंतर काकूलहून तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र देवळालीला आले. त्याआधी इंग्रजांच्या काळात मायदेशी परतणारे गोरे सोल्जर देवळालीच्या छावणीत जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून असत. उन्हाने, तापाने आणि रिकामपणाने काहींची डोकी फिरत. इंग्रजीत भ्रमिष्ट माणसाला ‘डूलाली’ म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीवरूनच पडला. नोकरी संपलेल्या सैनिकाला ताटकळत ठेवले की काय होते, याचा दाखला आपल्या गावाने जगाच्या शब्दकोशात नोंदवून ठेवला आहे!

आता योजनेकडे येतो. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ई.सी.एच.एस., सुरू झाली. त्यापूर्वी निवृत्त जवानाला आधार होता तो मुख्यतः लष्करी रुग्णालयाचा, आणि तिथे साहजिकच नोकरीतल्या जवानाचा क्रम आधी. नव्या योजनेत निवृत्तीच्या वेळी वर्गणी भरायची. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना तीही माफ. योजनेच्या दवाखान्यात तपासणी आणि औषधे, मोठ्या आजाराला यादीवरच्या खासगी रुग्णालयात रोख पैसे न भरता उपचार. सुरुवातीला २२७ दवाखाने मंजूर झाले होते. २०१० नंतर ही संख्या चारशेच्या वर गेली. योजना चांगली आहे, यात शंका नाही. ज्याची बायपास यातून झाली त्याला विचारा, तो सरकारला दुवा देईल.

पण बायपास आयुष्यात एकदा होते, गोळी रोज लागते. माझ्याकडे येणाऱ्या माजी सैनिकांच्या चिठ्ठ्या पाहतो. पाच औषधांपैकी तीन मिळालेली असतात, दोन ‘नंतर या’. लांबच्या तालुक्यातून एस.टी.ने आलेला पंचाहत्तरीचा माणूस त्या दोन गोळ्यांसाठी आठ दिवसांनी पुन्हा येईल का? तो दुकानातून आठवड्यापुरत्या विकत घेतो, मग पेन्शनच्या तारखेपर्यंत थांबतो. एका निवृत्त हवालदाराने मला सांगितले, “डॉक्टरसाहेब, इन्शुलिन मिळाले, पण सुया नव्हत्या.” हा माणूस तक्रार करीत नव्हता, नुसती माहिती देत होता. सैन्यात तक्रार न करण्याची सवय अंगात मुरलेली असते. मरेपर्यंत ती जात नाही, आणि तीच यांच्या मुळावर येते.

मग प्रश्न कोणी विचारायचे? उत्तर सोपे आहे. योजनेचा पैसा संसद मंजूर करते, तेव्हा जाब संसदेनेच विचारायचा. त्याची यंत्रणाही आहे. १९९३ पासून संरक्षण खात्यासाठी संसदेची स्थायी समिती आहे. तिच्यात लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. माजी सैनिक कल्याण विभाग २००४ साली वेगळा झाला, तोही हिच्याच कक्षेत येतो. समितीच्या शिफारशींवर काय केले, हे सरकारला तीन महिन्यांत कळवावे लागते. शिवाय महालेखापरीक्षक, म्हणजे ‘कॅग’, आहेत. त्यांनी २०१५ च्या अहवालात याच योजनेची झाडाझडती घेतली आणि औषधांचा तुटवडा, रुग्णालयांची बिले चुकती करण्यातला विलंब यांवर बोट ठेवले. स्थायी समितीनेही अपुऱ्या तरतुदीबद्दल आणि थकलेल्या बिलांबद्दल वारंवार नापसंती नोंदवली आहे. बिले थकली की खासगी रुग्णालय सैनिकाला दारातून परत पाठवते, हे सांगायला नकोच.

तरीही माझी तक्रार आहे. समितीपुढे चर्चा होते ती कोटी रुपयांची: किती मागितले, किती मिळाले, किती खर्च झाले. खर्च पुरा झाला म्हणजे गोळी पोहोचली, असे गृहीत धरले जाते. लिहून दिलेल्या शंभर औषधांपैकी किती त्याच दिवशी हातात पडली? मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळायला किती दिवस लागले? किती दवाखान्यांत डॉक्टरची जागा रिकामी आहे आणि किती महिने? हे आकडे दवाखान्यागणिक आणि जिल्ह्यागणिक, दर वर्षी समितीपुढे यायला हवेत. ज्या आजारात दिवस मोजावे लागतात, त्यात नुसते रुपये मोजून भागत नाही.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत वेगळ्या समित्या आहेत. २०१४ मध्ये फिनिक्स शहरातल्या सरकारी रुग्णालयात प्रतीक्षायाद्या लपवल्याचे उघड झाले. कागदावर भेटीची तारीख लवकरची, प्रत्यक्षात माणसे महिनोन्‌महिने ताटकळत. संसदीय समितीने हे प्रकरण लावून धरले. त्या खात्याचे मंत्री, स्वतः लष्करातले जनरल, मे महिन्यात पायउतार झाले आणि ऑगस्टमध्ये नवा कायदा आला. तिथे सगळे आलबेल झाले असे नव्हे. पण ‘रुग्ण किती दिवस थांबला’ हा प्रश्न तिथे संसदेत विचारला गेला.

आपल्याकडेही असे घडू शकते. ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ या मागणीवर राज्यसभेच्या याचिका समितीने भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखाली डिसेंबर २०११ मध्ये अनुकूल अहवाल दिला. पुढे जंतरमंतरवर माजी सैनिकांना धरणे धरावे लागले, हे खरे. ५ सप्टेंबर २०१५ रोजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी निर्णय जाहीर केला. पेन्शनसाठी जो रस्ता चालला, तो औषधांसाठी बंद का असावा?

आपला जिल्हा लोकसभेच्या तीन मतदारसंघांत विभागला आहे: नाशिक, दिंडोरी, आणि मालेगाव-बागलाणचा भाग धुळ्यात. म्हणजे प्रश्न विचारू शकणारे तीन खासदार आपल्या हाताशी आहेत. लेखी उत्तराचा साधा अतारांकित प्रश्न पंधरा दिवसांच्या नोटिशीने विचारता येतो, त्याला सभागृहात भाषण करावे लागत नाही. माजी सैनिक संघटनांनी ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला पुढाऱ्यांना शाल-श्रीफळ जरूर द्यावे, पण सोबत गेल्या वर्षभरात न मिळालेल्या औषधांची यादीही द्यावी. न्यायालयात चालू असलेली बाब मात्र अर्जात घालू नये. याचिका समिती ती घेत नाही.

यादी तोंडी करता येत नाही, म्हणून एक काम आजच सुरू करा. एक वही घाला. तारीख, लिहून दिलेले औषध, मिळाले की नाही, एवढे तीनच रकाने. औषध नसेल तर ‘उपलब्ध नाही’ असा शेरा चिठ्ठीवरच मागून घ्या. आणि गोळी संपायच्या आठ दिवस आधी निघा; तोवर दुकानातून घ्यावी लागली तरी घ्या, पण खंड पाडू नका. तोफखान्यात नोकरी झालेल्यांनी कानांची तपासणीही करून घ्यावी. तोफेच्या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, पण श्रवणयंत्राचा उपयोग होतो.

छातीत दुखणे, अर्धांग असा तातडीचा प्रसंग आला तर यादीवरचे रुग्णालय शोधत फिरू नका. जवळचे गाठा आणि ४८ तासांच्या आत योजनेच्या दवाखान्याला कळवा. बिलाची भरपाई सरकारी दराने मिळते, वरचा फरक आपल्यालाच सोसावा लागतो, हे घरच्यांना आधीच ठाऊक असू द्या. कार्ड कुठे ठेवले आहे आणि दवाखान्याचा फोन नंबर काय, हेही पत्नीला माहीत हवे. कारण त्या वेळी धावपळ तिलाच करायची असते.