टन म्हणजे नक्की किती हो?

मंडळी, शारजातला हमरिया फ्री झोन १९९५ सालचा. लोखंड, तेल आणि जहाजं यांचाच इथे संसार. टनाशिवाय इथे कुणाचं पान हलत नाही, आणि नेमका हाच शब्द लोक सगळ्यात बेफिकिरीने वापरतात!

पूर्वी मी ज्या यार्डात होतो तिथे एक टाकी उचलायची होती. काट्यावर ती ४८ टन भरली. भाड्याची क्रेन अमेरिकन बनावटीची. तेवढ्या अंतरावर तिच्या तक्त्यात आकडा होता ५०. "दो टन बाकी है साब, उठा लेते हैं," फोरमन म्हणाला. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात होतं, १ टन म्हणजे २००० पौंड. म्हणजे ९०७ किलो! ते ५० टन आपले ४५.३६ सुद्धा जेमतेम. उचल थांबवली. मोठी क्रेन यायला दोन दिवस गेले आणि बोलणी मी खाल्ली.

ब्रिटिशांचा जुना टन २२४० पौंडांचा, म्हणजे १०१६ किलो. मेट्रिक टन हजार किलोचा. तिघांना नाव एकच. कागदावर नुसतं 'टन' लिहून सही ठोकणाऱ्या इंजिनियरला माझ्या मते क्रेनखाली उभं करावं.

तिकडे बसून हसू नका. "आपल्याकडे १९५८ मध्येच किलो आले, प्रश्न मिटला," असं दर सुट्टीत कोणीतरी मला ऐकवतं. मिटला? शेतकरी कापूस विकतो क्विंटलने. जिनिंगमधून निघालेल्या रुईच्या गाठी १७० किलोच्या. आणि रुईचा भाव बोलला जातो खंडीत! ही खंडी म्हणजे ७८४ पौंड, ३५५.६२ किलो. मुंबईचा मण २८ पौंडांचा, असे २८ मण. बंगाली मण मात्र ३७ किलोंच्या वर. शेर दोन्हीकडे चाळीसच, पण शेरच वेगळा.

३४ टक्के उतारा धरला तर एका खंडी रुईला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. हा हिशेब, वर सरकीचे पैसे, बाजार समितीच्या दारात ट्रॅक्टरवर बसून कोण करणार? यवतमाळकडच्या मावसभावाला विचारलं, खंडी म्हणजे किती किलो रे? म्हणाला, "ते व्यापाऱ्याले माहीत."

आजी 'खंडीभर कामं पडलीत' म्हणायची, ती खंडी मला प्रियच आहे. ती बोलण्यात राहू दे खुशाल. पण व्यापारी म्हणतात, ही धंद्याची जुनी रीत, बदलली तर गोंधळ होईल. कुणाचा गोंधळ? न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात भाव पौंडाला सेंटमध्ये बोलतात, तो खंडीत बसवायला यांना मिनिटही लागत नाही. मग तोच भाव किलोत लिहायला काय होतं? प्रमाणित एककांखेरीज भाव सांगायला मनाई करणारा २००९ चा कायदा पुस्तकात आहेच की.