पडद्यावर नेमके काय चालते?

ऑनलाइन उपचारांनी पीटीएसडीत फरक पडतो का, ही चर्चा आता शिळी झाली. कोणत्या उपचारांनी आणि कोणाला, हे विचारायला हवे.

२०२३ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त एहलर्स आणि सहकाऱ्यांची चाचणी आली. रुग्ण २१७. तुलनेतले दोन्ही उपचार इंटरनेटवरच, दोन्हींत थेरपिस्टची साथ. एकात ताणनियोजन, दुसऱ्यात थेट घटनेच्या आठवणीवर काम. दुसरा सरस ठरला. पीटीएसडीच्या रुग्णाला श्वसनाचे ॲप सुचवून मोकळे होणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. त्याआधी, २०२२ मध्ये, ‘बीएमजे’तल्या ब्रिटिश चाचणीत १९६ रुग्ण होते. थेरपिस्टच्या मार्गदर्शनाने चालणारा ‘स्प्रिंग’ हा ऑनलाइन कार्यक्रम १६ आठवड्यांनंतर समोरासमोरच्या उपचारांपेक्षा कमी पडला नाही. मात्र रुग्ण घेतले ते एकाच घटनेचा आघात झालेले, लक्षणे सौम्य ते मध्यम असलेले.

ही अट आपल्या पुणे जिल्ह्याला लावून पाहा. १३ फेब्रुवारी २०१० च्या जर्मन बेकरी स्फोटातून वाचलेला ग्राहक तिच्यात बसू शकेल. एहलर्स यांच्या पद्धतीत रुग्णाला घटनास्थळी परत नेतात, ऑनलाइन असेल तर गूगल स्ट्रीट व्ह्यूवरून. कोरेगाव पार्कातला तो रस्ता, आजच्या पाट्या, उभ्या रिक्षा दाखवत ‘तेव्हा’ आणि ‘आता’ सुटे करता येतात. माळीणचे काय करणार? ३० जुलै २०१४ ला दरड कोसळून १५१ माणसे गेली, वाचलेल्यांसाठी गाव दुसरीकडे वसवले. दाखवायला जुने घर नाही, आणि पुन्हा पाऊस लागला की धास्ती खोटी म्हणायचीही सोय नाही. शिवाय एकाच घरातल्या अनेकांचा शोक. त्यांना ‘स्प्रिंग’चे आकडे लावण्याची घाई नको.

पुण्यात एएफएमसीमध्ये १ डिसेंबर २०२३ पासून सैन्यदलांसाठी ‘टेलि-मानस’चा खास कक्ष आहे, नागरिकांसाठी १४४१६ आहेच. पहिला आधार म्हणून दोन्ही मोलाचे. पण समुपदेशनाचा फोन म्हणजे आघातकेंद्री उपचार नव्हेत. पुढे कोणाकडे पाठवायचे, याची यादी आपल्याच संघटनांनी करायची आहे.

राहता राहिली खोली. वन रूम किचनमध्ये शेजारी सासूबाई मटार सोलत बसल्या असतील तर रुग्ण ‘हो’, ‘बरं’, ‘ठीक आहे’ यापलीकडे जात नाही, आणि आपण नोंदीत ‘टाळाटाळ’ लिहून टाकतो. आधी विचारावे: आत्ता घरात कोण आहे?

मराठीतून असे ऑनलाइन काम करणाऱ्यांनी आपल्या नोंदी, ओळख पुसून, आमच्याकडे पाठवाव्यात. मध्येच सोडून गेलेल्या रुग्णांच्या तर आवर्जून.