कोस्टल रोड आता खाडीत. मालवणी-जोगेश्वरीच्या पाण्याचं काय?

हाजीअली दर्ग्याची वाट भरतीला पाण्याखाली जाते, हे आपल्या लेकरांनाही ठाऊक आहे. त्याच किनाऱ्याला भराव घालून मरीन ड्राइव्ह ते वरळी १०.५८ किलोमीटरचा कोस्टल रोड झाला. ११ मार्च २०२४ ला त्याची पहिली बाजू खुली झाली. वेळ वाचतो, हे खरंच. (दुचाकी आणि रिक्षाला मात्र तिथे प्रवेश नाही.)

हे काम सुखासुखी झालं नाही. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सीआरझेडची मंजुरी रद्द केली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. वरळीचे कोळी सांगत होते की पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटरच अंतर ठेवलं तर खवळलेल्या समुद्रात बोटी आदळतील. भांडून भांडून शेवटी त्यांनी ते १२० मीटर करून घेतलं.

आता रस्ता उत्तरेला, वर्सोव्याहून दहिसर-भाईंदरकडे निघालाय. या वाटेवर मालाडची खाडी आणि कांदळवन आहे. डिसेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यासाठी ४५ हजारांहून जास्त कांदळवनाची झाडं हटवायला परवानगी दिली. यातली बरीचशी काम संपल्यावर पुन्हा लावू, असं महापालिका म्हणते. रोप लावता येतं हो, पण चिखल धरून ठेवणारी मुळं तयार व्हायला वर्षं जातात. तोवर पावसाळे काय थांबणार आहेत?

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. मोठी भरती असली की नाल्याचं पाणी खाडीत उतरत नाही, उलट मागे फिरतं. खाडीकाठची दलदल ते पाणी काही तास पोटात घेते. तिथेच खांब, मशिनी नेण्यासाठी तात्पुरते रस्ते आणि भराव आला, तर पाणी सखल भाग शोधणार. मालवणी, ओशिवरा, जोगेश्वरी पश्चिम. तळमजल्यावरचं घर, दुकानाचा गाळा, मुलांची पुस्तकं, सगळं त्यात.

रस्ताच नको, असं आमचं म्हणणं नाही. पण मोहल्ला कमिट्यांनी खाडीत मशीन उतरायच्या आधी वॉर्ड ऑफिसात जाऊन लेखी विचारावं: तात्पुरता भराव नेमका कुठे पडणार, जूनच्या आधी काढणार का, आणि आपल्या नाल्याचं तोंड मोकळं ठेवायची जबाबदारी कोणाची?