हरित रसायनशास्त्र अभ्यासक्रमात आले; प्रयोगशाळेत केव्हा येणार?

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत मांजरा नदी उगम पावते. याच नदीवरील धरण कोरडे पडल्याने एप्रिल 2016 मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जेथे पाण्याचा प्रत्येक हंडा मोलाचा, तेथील महाविद्यालयांत रसायनशास्त्र कसे शिकविले जाते, हा प्रश्न केवळ प्राध्यापकांचा राहत नाही. तो पालकांचा व आपणा सर्वांचाही ठरतो.

प्रदूषण झाल्यावर सफाई करणे म्हणजे हरित रसायनशास्त्र नव्हे. घातक पदार्थ मुळात वापरावा लागू नये व निर्माणही होऊ नये, अशी प्रक्रिया आखणे म्हणजे हरित रसायनशास्त्र होय. पॉल अनास्तास व जॉन वॉर्नर यांनी 1998 साली त्याची 12 तत्त्वे मांडली. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळमध्ये हजारोंचे प्राण घेणारे मिथिल आयसोसायनेट हे रसायन कीटकनाशक बनविण्यासाठी साठविलेले होते. असे रसायन टाळण्याचा विचार कारखाना उभारण्यापूर्वीच व्हावा, हे या शास्त्राचे सांगणे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नमुना अभ्यासक्रमात पदवी स्तरावर हा विषय आला, परंतु ऐच्छिक म्हणून. खरी मेख येथेच आहे. विद्यार्थी 12 तत्त्वे पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवितो आणि प्रात्यक्षिकाच्या तासाला जुन्याच पद्धतीने प्रयोग करून उरलेले द्रावण मोरीत ओततो. अशा शिक्षणाने गुण मिळतात, दृष्टी मिळत नाही.

वस्तुतः पर्याय उपलब्ध आहेत. बेंझॉइन तयार करण्यासाठी परंपरेने जहाल विषारी सायनाइड वापरतात. तेच काम थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, करू शकते. ऊर्ध्वपातनाच्या वेळी नळाचे पाणी सतत वाहू देण्याऐवजी बादलीतील पाणी लहान पंपाने फिरविता येते. रसायनांचे प्रमाण घटविले, तर खर्च व सांडपाणी दोन्ही कमी होतात.

अडचणीही आहेत. काही हरित प्रयोगांना अधिक वेळ लागतो. त्यासाठी वेळापत्रक बदलावे लागेल आणि अध्यापकांना प्रशिक्षण द्यावे लागेल. तरीही आम्हांस वाटते, की डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठासारख्या दुष्काळी भागातील विद्यापीठांनी हा विषय अनिवार्य प्रात्यक्षिकांत आणावा. किती पाणी लागले, किती टाकाऊ द्रव्य उरले व ते कोठे गेले, याची नोंद प्रत्येक प्रयोगवहीत असावी आणि तिला गुण असावेत.

याच प्रयोगशाळांतून उद्याचे औषधनिर्माते, कारखान्यांतील रसायनतज्ज्ञ व कीटकनाशकांचे विक्रेते घडणार आहेत. तेव्हा पालकहो, विज्ञान शाखेतील आपल्या मुलामुलींना गुणांबरोबरच एवढे अवश्य विचारा: प्रयोग संपल्यावर चंचुपात्रात उरलेल्या द्रावणाचे तुम्ही काय करता?