नाव खरं लिहा, किल्ली कुणाला देऊ नका

क्रिप्टो एक्स्चेंजवरून बिटकॉइन किंवा टेथरसारखी नाणी दुसरीकडे पाठवायला गेलात की हल्ली पडद्यावर दोन-तीन जादा प्रश्न येतात. ज्याला पाठवताय त्याचं पूर्ण नाव काय? त्याचं वॉलेट एखाद्या एक्स्चेंजवर आहे, की त्याच्या स्वतःच्या ताब्यात? कशासाठी पाठवताय? बरेच जण वैतागतात, सुचेल ते ठोकून देतात, दुसऱ्याच्या वॉलेटसमोर स्वतःचंच नाव टाकतात आणि पुढे जातात. माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका. हे प्रश्न का विचारले जातात आणि त्यांच्या आडून कोण तुम्हाला लुबाडायला टपलं आहे, हे दोन्ही समजून घ्या. या व्यवहारात उतरावं की नाही, हे मी इथे सांगत नाही. पण उतरला असाल, किंवा घरातली मुलं उतरली असतील, तर पुढचं वाचाच.

आपल्या पेठांमध्ये हुंड्या चालत होत्या तेव्हा शाहजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या माणसाच्या हातीच द्यायची रीत होती. पुढे घोळ झालाच, तर पैसा कुणाच्या हातून गेला हे शोधता यावं म्हणून. क्रिप्टोत नेमकं हेच नव्हतं. बिटकॉइनच्या वहीतली प्रत्येक नोंद जगातल्या कुणालाही दिसते, पण तिथे माणसाचं नाव नसतं, अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक माळ असते. पैसा सरकल्याचं दिसतं, सरकवणारा दिसत नाही. ‘गेनबिटकॉइन’ या गुंतवणूक योजनेत दरमहा दहा टक्के, तेही अठरा महिने, अशा आश्वासनाला भुलून आपल्याकडच्या असंख्य लोकांनी पैसे घातले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी काहींना अटक केली, पुढे प्रकरण सीबीआयकडे गेलं. एवढ्या वर्षांनंतरही नाणी कुठे कुठे फिरली याचा शोध संपलेला नाही. नाव नसलेल्या पैशामागे धावणं किती कठीण असतं, ते या एका प्रकरणावरून कळावं.

पैशासोबत नाव जावं, ही अट इथूनच आली. काळा पैसा पांढरा करणं, म्हणजे मनी लाँडरिंग, रोखण्यासाठी एफएटीएफ ही संस्था १९८९ मध्ये जी-७ देशांनी पॅरिसमध्ये उभी केली. भारत २०१० पासून तिचा सदस्य आहे. अमेरिकेवरच्या सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तिने ठरवलं, की बँकेतून पैसा जाताना पाठवणाऱ्याची ओळखही सोबत गेली पाहिजे. जून २०१९ मध्ये तीच अट क्रिप्टो कंपन्यांना लागली. तिला ‘ट्रॅव्हल रूल’ म्हणतात. आपल्या देशात ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टोची खरेदी-विक्री, हस्तांतर आणि सांभाळ करणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या. त्यांना अर्थ मंत्रालयाच्या एफआययू या यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते, ग्राहकाची ओळख पटवून घ्यावी लागते, संशयास्पद व्यवहार कळवावे लागतात आणि कागदपत्रं पाच वर्षं जपावी लागतात. कंपनी परदेशात बसली असली, तरी भारतातल्या ग्राहकांना सेवा देत असेल तर तिलाही हे लागू आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बायनान्स, कूकॉइन, क्रॅकन यांच्यासह नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या. जून २०२४ मध्ये बायनान्सला १८ कोटी ८२ लाख रुपयांचा दंड झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी २५ परदेशी कंपन्यांना नोटिसा निघाल्या.

आता तुमच्याबद्दल नेमकं काय पुढे जातं ते पाहा. तुमचं नाव, वॉलेटचा पत्ता, आणि पॅनसारखा ओळखक्रमांक किंवा राहण्याचा पत्ता. घेणाऱ्याचं नाव आणि त्याच्या वॉलेटचा पत्ता. ही माहिती ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या त्या वहीत, जात नाही. दोन कंपन्यांमध्ये वेगळ्या, बंदिस्त मार्गाने जाते. आपल्याकडे छोट्या रकमेला सूट नाही, त्यामुळे एका मोठ्या रकमेचे दहा तुकडे करून पाठवण्यात काही हशील नाही. उलट तसे तुकडे दिसले की कंपनीला संशय येतो आणि ती वर कळवते. नाणी तुमच्याच ताब्यातल्या वॉलेटवर पाठवत असाल तर तसं सांगा. काही एक्स्चेंज आधी अगदी थोडी रक्कम पाठवायला लावून ते वॉलेट तुमचंच असल्याची खात्री करतात. त्यात पाच मिनिटं जातात, जाऊ द्या. खोटं नाव टाकलंत तर व्यवहार अडकू शकतो. न अडकता गेला तर अधिक वाईट, कारण उद्या त्या वॉलेटचा संबंध एखाद्या फसवणुकीशी निघाला तर ‘हे वॉलेट माझं’ असं लेखी सांगणारे तुम्हीच असाल.

या नियमाचं नाव घेऊन फसवणूक करणाऱ्यांबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर ओळख होते, ‘ट्रेडिंग’चं ॲप डाउनलोड करायला लावतात. सुरुवातीला हजार-दोन हजार परतही मिळतात. मग निवृत्त माणूस फंडाचे पैसे टाकतो, ॲपमध्ये आकडा फुगत जातो. पैसे काढायला गेलं की निरोप येतो, ‘तुमचं खातं मनी लाँडरिंगच्या तपासणीत अडकलं आहे, दहा टक्के अनामत भरा, तपासणी झाली की सगळी रक्कम एकदम मिळेल.’ भाषा सरकारी, शिक्के हुबेहूब, कधी कधी एफआययूचं नावही असतं. माणूस दागिने गहाण टाकून ते दहा टक्के भरतो. मग कर भरा म्हणतात, मग विलंब शुल्क. मूळ पैसा पहिल्याच दिवशी गेलेला असतो, ॲपमधला आकडा नुसता रंगवलेला असतो.

म्हणून एवढं पक्कं लक्षात ठेवा. हा नियम तुमच्याकडे नाव मागतो, पत्ता मागतो, कारण विचारतो. पैसे मागत नाही. तपासणीसाठी अनामत भरायला लावणारी कोणतीही सरकारी यंत्रणा या देशात नाही. आणि वॉलेटची किल्ली, म्हणजे ते बारा किंवा चोवीस शब्द, यातल्या कुठल्याही कामासाठी लागत नाहीत. एक्स्चेंजला नाही, पोलिसांना नाही, ‘केवायसी अपडेट करतो’ म्हणून फोन करणाऱ्या गोड आवाजाच्या पोरीला तर नाहीच नाही. ते शब्द मागितले की समोर चोर आहे असंच समजा आणि फोन ठेवा. घरी आईवडिलांना, सासूसासऱ्यांनाही हे आजच सांगा. त्यांना क्रिप्टो कळत नसलं तरी चालेल, एवढं कळलं पाहिजे.

दुसरी गोष्ट पी टू पी, म्हणजे एका ग्राहकाने दुसऱ्याला थेट विकण्याच्या व्यवहारांची. तुमच्याकडे पाचशे टेथर आहेत, रुपये हवे आहेत. एक्स्चेंजवर गिऱ्हाईक मिळतं, दर जरा चढा देतं. पैसे बँकेत जमा होतात, तुम्ही नाणी सोडता. आठवड्याने एटीएममधून पैसे निघत नाहीत. बँक सांगते, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून खातं रोखलं आहे. झालेलं असतं असं, की ते पैसे तुमच्या गिऱ्हाइकाचे नव्हतेच. कुठल्या तरी लांबच्या गावातल्या बाईला फसवून तिच्याच हाताने तुमच्या खात्यात भरायला लावलेले होते. तिने तक्रार केली, पैशाचा माग काढत पोलीस तुमच्यापर्यंत आले. नाणी तोवर परदेशात. पगार, घराचा हप्ता, मुलांची फी सगळं अडकतं, आणि आपण निर्दोष आहोत हे पटवायला परमुलखातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. यात पोलिसांना दोष देण्यात अर्थ नाही, त्या बाईचा पैसा खरंच तुमच्या खात्यात आलेला असतो.

इथे एक्स्चेंजचे प्रश्न तुमच्या मदतीला येत नाहीत, कारण रुपये बँकेतून येतात आणि नाणी एक्स्चेंजवरून जातात. म्हणून तो नियम तुम्हीच स्वतःला लावून घ्या. एक्स्चेंजवर दिसणारं नाव आणि बँकेत पैसे भरणाऱ्याचं नाव तंतोतंत जुळलं, तरच नाणी सोडा. ‘भावाच्या खात्यातून पाठवलेत’, ‘बायकोच्या नावावर आहे’ असलं काही ऐकून घेऊ नका. ज्या खात्यातून आले त्याच खात्यात पैसे परत करा आणि एक्स्चेंजकडे तक्रार टाका. बाजारभावापेक्षा बराच चढा दर देणाऱ्याला मुळात घाई कसली, हेही स्वतःला विचारा. मला विचाराल तर टेलिग्रामवरच्या गटातून रोखीत किंवा परस्पर खात्यावर नाणी विकूच नयेत.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी. कॉलेजात, गावच्या नाक्यावर कुणीतरी येतो, म्हणतो, ‘तुझं खातं आणि सिम दोन महिने दे, पाच-दहा हजार मिळतील.’ किंवा तुमच्या केवायसीवर एक्स्चेंजचं खातं उघडून मागतो. त्या खात्यातून चोरीचा पैसा येतो, नाणी होऊन बाहेर जातो, आणि कागदावर फक्त तुमचं नाव उरतं. मनी लाँडरिंगचा गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षं सक्तमजुरी आहे. ‘मी फक्त खातं दिलं होतं’ हे सांगेपर्यंत नोकरीच्या पडताळणीत, पासपोर्टच्या अर्जात तुमचं नाव अडकलेलं असतं. पाच हजारांसाठी हे करू नका. करून बसला असाल तर घरात सांगा, वकील गाठा आणि पोलीस दारात यायच्या आधी स्वतः जाऊन सांगा.

आपली माहिती इतक्या हातांत जाते याची भीती वाटणं चुकीचं नाही. मे २०२५ मध्ये कॉइनबेस या मोठ्या अमेरिकी एक्स्चेंजने जाहीर केलं, की बाहेरच्या ग्राहकसेवेतल्या माणसांना लाच देऊन ग्राहकांची नावं-पत्ते चोरले गेले. ज्याच्याकडे क्रिप्टो आहे त्याचा घरचा पत्ता चोराच्या हाती पडणं, ही साधी गोष्ट नाही. नियमाच्या बाजूने बोलताना हे झाकून ठेवणं मला पटत नाही. पण यावर खोटं नाव टाकणं हा उपाय नव्हे. कमी एक्स्चेंजवर खाती ठेवा, नको ती बंद करा, त्यासाठी वेगळा ईमेल वापरा, आणि तुमची माहिती कुणाकुणाला दिली हे कंपनीला लेखी विचारा. ग्राहकांनी विचारलं नाही तर कंपन्या सैलावतात.

एफआययूकडची नोंदणी म्हणजे सरकारची हमी, असंही कुणी समजू नका. वझीरएक्स हे मुंबईचं, नोंदणी असलेलं एक्स्चेंज. १८ जुलै २०२४ रोजी तिथून सुमारे दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली. पुढे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने मिळून या चोरीसाठी उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. ग्राहकांचे पैसे वर्षभराहून जास्त काळ अडकून पडले. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, तसा इथे नाही. नोंदणी नसलेल्या परदेशी ॲपवर तर तक्रार कुठे करायची हेच कळत नाही. नोंदणी आहे का, हे पाहिल्याशिवाय रुपयाही पाठवू नका, आणि नोंदणी असली तरी बुडाले तर घर कोलमडेल एवढे पैसे तिथे ठेवू नका.

दुबईत, सिंगापुरात असलेल्या मुलांनी घरी खर्चाला टेथर पाठवायचं आणि इकडे कुणीतरी रोख आणून द्यायची, हेही थांबवा. ते पैसे कुणाचे, याचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही. बँकेतून पाठवायला थोडा खर्च येतो, पण पावती मिळते.

हिशेबाचे कागद जपा. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस. कुणाला, कधी, कशासाठी पाठवलं याची वही असेल तर विवरणपत्रही सोपं होतं आणि एखाद्या दिवशी खातं रोखलं गेलं तर तीच वही कामी येते.

फसलातच, तर लाजून घरात बसू नका. १९३० ला फोन लावा, त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवा. बँकेचा यूटीआर क्रमांक, वॉलेटचा पत्ता, व्यवहाराचा हॅश (ब्लॉकचेनवरचा त्याचा ओळखक्रमांक) आणि वेळ लिहून ठेवा, चॅट पुसू नका. ज्या एक्स्चेंजवरून नाणी गेली त्यालाही लगेच लेखी कळवा. नाणी दुसऱ्या एक्स्चेंजवर गेली असतील तर तिथे गोठवायला सांगता येतं, पण ती पुढे सरकायच्या आत.